बसप्पानं सुधारलेली बहीण

सोलापुरात कपडे कळणारा माणूस एकच आहे आणि तो आपण आहोत, याबद्दल बसप्पाला कधी शंका आली नाही. बाकीचं गाव अंग झाकतं, एवढंच तो मान्य करायचा. साल चौऱ्याहत्तर. सकाळी साडेनऊला तो बाळीवेशीतल्या घरातून बाहेर पडे तेव्हा खाली सव्वीस इंच घेराची बेलबॉटम, वर खांद्यापर्यंत पसरलेल्या कॉलरचा शर्ट, कल्ले कानाच्या पाळीखाली उतरलेले, आणि ऊन असो नसो, डोळ्यांवर गॉगल. गल्लीच्या तोंडाशी राहणारी ईरम्मा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असे. ती रोज न चुकता म्हणे, "बसप्पा, आमच्या दारावरनं पण जा की रे जरा. झाडून निघंल."

बसप्पा तिच्याकडं बघायचासुद्धा नाही. जी बाई पोपटी लुगड्यावर जांभळी चोळी घालते तिच्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं?

घरापासून चाटी गल्लीतल्या स्टुडिओपर्यंत दहा मिनिटांची वाट. तेवढ्यात तो अर्ध्या सोलापूरला नापास करून मोकळा होई. दिवसभर उत्तम कापडाचे तागे उलगडणारे आणि स्वतः मळक्या सदऱ्यात बसणारे कापडवाले. टेरिलीनच्या शर्टातून बनियनची भोकं दाखवत फिरणारे कारकून. बेलबॉटमखाली कोल्हापुरी चपला घालणारी कॉलेजची पोरं, ही तर त्याच्या मते पोलिसात द्यायची गोष्ट होती. "गाव चादरी विणतं," तो म्हणे, "आणि अंगावर पण चादर गुंडाळल्यासारखंच वावरतं." ज्या गावात जन्मलो, जेवलो, वाढलो, त्याची इतकी किळस बाळगणं सगळ्यांना जमत नाही. बसप्पाला ते फारसे कष्ट न घेता जमलं होतं.

तो नागनाथमामांच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या मामांच्या, फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायचा. फोटो मामा काढत. फिल्म धुऊन सुकली की ती बसप्पाच्या तिरप्या काचेच्या डेस्कवर येई. काचेखाली आरसा, आरशातून वर येणारा खिडकीचा उजेड, आणि बसप्पाच्या हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार. तिथं पेन्सिल फिरवली की फोटोत ती जागा उजळ येते, आणि ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडलं की फोटोत ती जागा काळपट येते. देवीचे व्रण, मुरूम, सुरकुत्या पेन्सिलीखाली बुजत. पांढरं, चमकणारं काही नको असेल तर ब्लेड. बसप्पाचा हात मात्र खरोखर चांगला होता. त्याला शिव्या देणारेही हे कबूल करत.

काम मुरूम बुजवायचं होतं. पण मुरुमांत बसप्पाला रस नव्हता. त्याला माणसं सुधारायची होती. कुंभारीहून धोंडिराम नावाचा एक शेतकरी फोटोला आला होता, त्याच्या झुबकेदार मिशा बसप्पानं पेन्सिलीनं निम्म्यावर आणल्या. धोंडिरामानं फोटो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "मामा, ह्यो आमचा धाकटा भाऊ दिसतुय. पर त्यो तर आला नव्हता की." मामांनी त्याला दुसरा फोटो फुकट काढून दिला आणि संध्याकाळपर्यंत बसप्पाशी बोलले नाहीत. पण त्याच आठवड्यात मीनाबाई नावाच्या एका शिक्षिकेनं आपली दुहेरी हनुवटी गेलेली बघितली आणि सहा कॉप्या मागितल्या. त्या सहा कॉप्यांनी बसप्पाचं डोकं कायमचं फिरलं.

"बसप्पा," मामा सांगून थकले, "माणूस हितं फोटो काढून घ्यायला येतो. बदलून घ्यायला न्हाई."

बसप्पा मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, ज्याच्या कोटाचं मधलं बटण गेली चार वर्षं नाही, तो मला सौंदर्य शिकवतोय.

घरी आई पार्वतम्मा आणि धाकटी बहीण महादेवी. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. महादेवी तेवीस वर्षांची, घरीच मशीनवर ब्लाउज शिवायची, आणि बसप्पाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख ती होती. बाहेरच्या लोकांना नापास करून पुढं जाता येतं. ही रोज समोर. उंच, सावळी, गडद रंगाची इरकल साडी, तांबडा पदर, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. आंघोळ, पूजा झाली की कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा आणि खाली कुंकू. गळ्यात इष्टलिंगाचा पांढरा दोरा, नाकात चमकी. बसप्पा तिच्यासाठी मासिकांतली चित्रं कापून आणायचा: फुगवलेले केस, बारीक भुवया, बिनबाह्यांचं पोलकं. ती चित्रं नीट बघायची, शिवण कुठून घेतली आहे ते बोटानं दाखवायची आणि म्हणायची, "कटिंग चांगलं हाय. पण ही बाई नळावर हंडा उचलणार कशी?"

"हिला हंडा उचलायचाच न्हाई!"

"मग सोलापुरात न्हाई ऱ्हात ती," महादेवी म्हणे आणि मशीनचं चाक फिरवी.

तिच्या साडीला कधी पिन लागली नाही. ती गल्लीतून निघाली की ईरम्मासारखी ईरम्मा तांदळातनं मान वर काढून बघत राही आणि चक्क गप्प बसे. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. ज्याला दिसण्याचाच धंदा होता, त्या एकट्याला दिसत नव्हतं.

त्या वर्षी अक्कलकोटला मामेबहिणीच्या लग्नात महादेवीनं एक माणूस बघितला. गुलबर्ग्याचा शाळामास्तर, शिवप्पा त्याचं नाव. पंगतीत तूप वाढत होता. हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप घालायला तो तिच्या पानाशी दोनदा आला, तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं पानावर हात आडवा धरला, आणि तो इतका गडबडला की सगळं तूप शेजारणीच्या भातावर ओतून पुढं गेला. एवढंच. त्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तिनं मात्र विचारून घेतलं. घरी आल्यावर दोन दिवसांनी तिनं आईच्या पुढ्यात बसून सांगितलं, "अव्वा, लग्न करायचं तर त्या मास्तरांशी बघ. दुसरं कुणी मला नको." त्या घरात असं तोंड उघडून कुठल्या मुलीनं सांगितलं नव्हतं. पार्वतम्मा आधी चपापली, मग तिनं आपल्या अक्कलकोटच्या भावाला कामाला लावलं, आणि महिन्याभरात मुलाच्या वडिलांचं, शिवलिंगप्पांचं, कानडीत पत्र आलं. घराणं ऐकून आहे. मुलीचा फोटो पाठवावा. फोटो मनास आला तर बघायला येऊ.

फोटो मामांनी काढायचा ठरला. शनिवारी दुपारी महादेवी स्टुडिओत आली ती नेहमीच्याच वेषात, फक्त साडी धुवट नव्हती, नवी होती. बसप्पानं ओळखीच्या दुकानातून गुलाबी शिफॉन आणून ठेवलं होतं. तिनं ते बोटांत चोळून बघितलं, सुंदर आहे म्हणाली आणि घडी घालून परत दिलं. स्टुलावर बसली. मामा सगळ्यांना हसा म्हणत, तिला म्हणाले नाहीत. नुसतं "बस्स, अशीच" म्हणाले आणि फोटो घेतला.

जाताना ती दारात थांबली. "अण्णा, ह्याला हात लावायचा न्हाई. मुरूम असला तर असू दे. ते मला बघून हो म्हणू देत, न्हाईतर नको म्हणू देत."

"बरं," बसप्पा म्हणाला. हे म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं तिच्या भुवया आधीच बारीक झालेल्या होत्या.

रविवारी स्टुडिओ बंद. किल्ली बसप्पाकडं होती. सकाळी नऊला तो डेस्कपाशी बसला. पहिल्यांदा पेन्सिल घेऊन त्यानं बहिणीला गोरी केली. गालावरून, गळ्यावरून, हनुवटीखालून इतक्या बारीक रेघा घातल्या की मोजता आल्या नसत्या. मग वरून आणि खालून कोरत भुवया निम्म्या केल्या. मग ब्लेड घेतलं. नाकातली चमकी गेली. गळ्यातला लिंगाचा दोरा गेला. राहिल्या कपाळावरच्या तीन रेघा. बसप्पा स्वतः लिंगायत घरातला, लहानपणी बापाच्या मांडीवर बसून भस्म लावून घेतलेला. त्या रेघांवर त्याचा हात थांबला का? थांबला. ब्लेडचं टोक बोथट झालं होतं, ते बदलायला. त्यानंतर तिन्ही रेघा त्यानं एकेक करून इतक्या सफाईनं काढल्या की कपाळ कुणी नुकतंच घडवून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. कुंकू राहिलं, पण टिकलीएवढं. इरकल साडीचं काही करता येईना, तेव्हा प्रिंट काढताना खांद्याखाली सगळं धुरकट करून टाकलं.

दुपारी दोन वाजता फोटो तयार झाला. बसप्पानं तो खिडकीशी धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बहीण आवडली होती.

सोमवारी त्यानं स्वतःच पाकीट चिकटवून टपालात टाकलं. घरी सांगितलं, "लई झकास आलाय." पार्वतम्मानं बघायला मागितला, तर म्हणाला, "कॉपी नंतर आणतो."

बारा दिवस गेले. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की महादेवीच्या मशीनचा आवाज बंद पडे. घंटी पुढं गेली की पुन्हा सुरू होई. बसप्पा या दिवसांत फार खुशीत होता. बघायला आल्यावर त्या मास्तराला कोणता शर्ट घालायचा हे सांगावं लागेल, असा त्याचा विचार चालू होता.

तेराव्या दिवशी जाडसर पाकीट आलं. बसप्पानं मोठ्यानं वाचायला घेतलं. नमस्कार-चमत्कार झाले आणि तो अडखळला. पुढं लिहिलं होतं की मुलगी देखणी आहे, पण तिच्या कपाळी भस्म नाही, गळ्यात लिंग नाही. आमच्या घरी पूजेशिवाय कुणी पाणी पीत नाही. शहरातल्या राहणीला आम्ही नावं ठेवत नाही, पण आपलं जमणार नाही. फोटो परत पाठवत आहे.

"भस्म न्हाई?" पार्वतम्मा म्हणाली. "कुणाच्या कपाळी?"

फोटो पाकिटातून खाली पडला होता. महादेवीनं उचलला.

"ही कोण?"

"तूच की," बसप्पा म्हणाला.

"कपाळ माझं न्हाई. नाक माझं न्हाई. रंग तर कुणाचाच न्हाई असला. कानाची पाळी तेवढी माझी दिसती, ती विसरलास व्हय?" आणि एकदम तिचा आवाज फुटला. "मला तो माणूस पाहिजे होता, अण्णा. लाज सोडून अव्वाला सांगितलं होतं मी. हात लावू नको म्हणाले होते ना तुला?"

या वेळी एखाद्यानं गप्प बसावं. बसप्पा म्हणाला, "असल्या खेडवळ लोकांत जाऊन तू काय करणार होतीस? ज्यांना एवढा फोटो कळत न्हाई..."

पार्वतम्मानं त्याच्यापुढचं भाकरीचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तो दिवस तो उपाशीच राहिला.

दुसऱ्या दिवशी महादेवी एकटी स्टुडिओत गेली. मामांनी तिचा नवा फोटो काढला, स्वतः धुतला, स्वतः छापला. बसप्पाला डेस्कजवळ फिरकूही दिलं नाही. त्या फोटोत ती होती तशी होती. पार्वतम्मानं चिठ्ठी लिहवून घेतली: आधीच्या फोटोत चूक झाली, आमची मुलगी ही अशी आहे. पाकीट गेलं. उत्तर आठ दिवसांत आलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. शिवलिंगप्पांनी लिहिलं होतं: पहिल्या फोटोतली मुलगी वेगळी, दुसऱ्या फोटोतली वेगळी. आम्ही भस्माचं लिहिल्यावर तुम्ही भस्म लावून दुसरीच मुलगी बसवलीत. मांडवात तिसरी उभी कराल. पुन्हा पत्र लिहू नये.

खऱ्या फोटोला खोटं ठरवायचं काम बसप्पाच्या कलेनं असं पार पाडलं. महादेवी रडली नाही. तिनं ते पत्र त्याच्या डेस्कवर नेऊन ठेवलं.

मामांनी ते वाचलं आणि ती निगेटिव्ह पुडीतून काढून त्याच्या हातात दिली. "ही घेऊन गुलबर्ग्याला जा. खिडकीशी धर आणि कुटं कुटं ब्लेड मारलंस ते त्यांना दाखव. त्याशिवाय त्या पोरीवर कुणी विश्वास ठेवणार न्हाई."

"मामा, मी तिथं जाऊन स्वतःच्या कामाची..."

"जाणार हायस की न्हाई?" महादेवी म्हणाली. एवढंच म्हणाली. आणि बसप्पाला, काही झालं तरी, त्या आवाजापुढं पळायला जागा सापडली नाही.

तो गेला. पण कसा गेला! सकाळच्या पॅसेंजरनं पाय धरायला निघालेला हा माणूस आदल्या संध्याकाळी तासभर शर्ट निवडत होता. शेवटी फिकट पिवळा घातला, पँटीला कडक इस्त्री मारली, आणि गॉगल खिशात ठेवला. तो न घालणं ही त्याच्या मते पुरेशी नम्रता होती.

गुलबर्ग्याच्या घरात ज्वारीच्या पोत्यांना टेकून घोंगडीवर उघड्या अंगानं एक म्हातारा बसला होता. कपाळावर, दंडांवर, छातीवर भस्माचे पट्टे. हे शिवलिंगप्पा. दारातून त्यांचा मुलगा आला, पायजमा आणि खिशावर शाईचा डाग पडलेला बुशशर्ट घातलेला. ह्याच्यासाठी? बसप्पाला वाटलं. ह्या डागासाठी माझ्या बहिणीनं लाज सोडली? माणूस माफी मागायला आला तरी डोळे काही घरी ठेवून येत नाही.

त्यानं कानडीत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा बसप्पानं निगेटिव्ह खिडकीशी धरली. म्हाताऱ्याला त्यात काळं तोंड आणि पांढरे केस दिसले. "हे तर भूत हाय," तो म्हणाला.

"फोटोत ह्याच्या उलट येतं. हे बघा," बसप्पा म्हणाला, आणि आपल्या हातानं केलेलं आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम तो चोरीचा माल काढून द्यावा तसा एकेक दाखवायला लागला. फिल्म तिरपी केली की ब्लेडचे ओरखडे चमकत. "ही कपाळावरची पहिली रेघ. ही दुसरी. ही तिसरी. हा लिंगाचा दोरा. हितं नाकात चमकी होती. हा सगळा रंग पेन्सिलीचा. ह्या भुवया तिच्या न्हाईत." पत्राबरोबर पाठवलेला दुसरा फोटो म्हाताऱ्यानं पोथीत ठेवलेला होता, तो त्यानं काढून शेजारी धरला. कानाची पाळी, मानेची ठेवण, ओठांचा कोपरा, बसप्पानं जुळवून दाखवलं.

शिवप्पानं तो फोटो बापाच्या हातातून घेतला. त्याला तो आजवर दाखवलेलाच नव्हता. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अप्पा," तो हळूच म्हणाला, "हिला मी अक्कलकोटला बघितलं हाय. ही तीच. पहिल्या फोटोत मला ओळखू आली न्हाई."

म्हाताऱ्यानं निगेटिव्हकडं बोट करून बसप्पाला विचारलं, "हे खरवडायला किती वेळ लागला तुला?"

"पाच तास," बसप्पा म्हणाला, आणि एवढं सगळं झाल्यावरही त्याच्या आवाजात जरासा ताठा आलाच.

"पाच तास बहिणीच्या तोंडाकडं बघत बसलास," म्हातारा म्हणाला, "आणि ती तुला दिसली न्हाई?"

तो रागानं म्हणाला नव्हता. आजारी माणसाची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं होतं. बसप्पाजवळ सोलापुरातल्या प्रत्येक सदऱ्यासाठी शब्द होता. तो निगेटिव्ह पुडीत घालत राहिला आणि ती पुडीत जाईना.

"सोमवारी येतो पोरीला बघायला," म्हातारा म्हणाला. "तू कामावर गेलास तरी चालंल."

लग्न वैशाखात झालं. बसप्पा सुधारला, असं कुणी समजू नये. मांडवात त्यानं वरपक्षाच्या फेट्यांना नावं ठेवली, नवरदेवाच्या बुटांकडं बघून डोळे मिटले, आणि जेवताना शेजारच्याला सांगितलं की या लग्नात रंगाची जाण असलेला माणूस आचारी एकटाच आहे. फोटो मामांनी काढले. चार दिवसांनी महादेवी सासरी निघाली तेव्हा मामा ते छापून घेऊन घरी आले होते. तिनं फोटो आईच्या मांडीवर ठेवले आणि मामांना म्हणाली, "निगेटिव्ह पण द्या."

मामांनी सगळ्या पुड्या तिच्या हातात दिल्या. पहिली, ओरखडे असलेली, तीही त्यात होती. तिनं त्या साड्यांच्या मध्ये ठेवल्या आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

"अगं, निगेटिव्ह कुणी सासरी नेतं व्हय?" बसप्पा दारातून म्हणाला. "पुढं कॉपी पाहिजे झाली तर?"

"तर मामांना कळवीन," महादेवी म्हणाली. ती वाकून त्याच्या पाया पडली, उठली आणि कडी घालून ट्रंकेला कुलूप लावलं. "अण्णा, माझं तोंड माझ्याजवळ असू दे."